चौथ्या घरचं कार्ड

नवरा गेल्यानंतर वहिनीच्या घरी एवढी कार्डं आली, की सासूबाईंनी शेवटी ती ठेवायला बिस्किटांचा रिकामा डबा काढून दिला.

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. ती लग्न होऊन आली तेव्हा तिचा दीर शाळेत होता, आणि शाळेतून येता येता कोपऱ्यावरूनच "वहिनी, भूक!" म्हणून असा ओरडायचा, की तिचं खरं नाव गल्लीच्या कानावर कधी पडलंच नाही. पुढच्या खोलीत शिलाईमशीन टाकून ती कपड्यांची दुरुस्ती करायची. पँट आखूड करायची, चेन बदलायची, बारीक झालेल्यांचे शर्ट आत घ्यायची आणि जाड झालेल्यांचे, काही न बोलता, बाहेर सोडायची. तोंड मात्र फटकळ. पण टाका पक्का, त्यामुळे लोक तोंडाकडे काणाडोळा करायचे.

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात होता. उजेडासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि तडा गेलेली बाटली त्याने झटकन उचलून बाजूला टाकायची, हे त्याचं काम. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तो झटकन करायचा. बाकी सगळं हळू. जेवण हळू, बोलणं हळू, बूट घालणं तर विचारूच नका. कारखान्यात त्याला "सावकाश" म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं.

एके दिवशी सकाळी कारखान्याची बस कालव्याजवळच्या वळणावर रस्ता सोडून खाली कोसळली. बऱ्याच जणांचे हातपाय मोडले. तिघे कामगार गेले. त्यातला एक सावकाश. चौथा गेला तो बसचा ड्रायव्हर.

तर कार्डं. "ईश्वरेच्छेपुढे कुणाचे काही चालत नाही." "काळ हेच सर्व दुःखांवरचे औषध." "गेलेला आत्मा आता सुखात आहे." वहिनी एकेक वाचायची आणि पालथं घालायची.

"आई," ती एकदा सासूबाईंना म्हणाली, "देवाची इच्छा काय होती ते एवढ्या सगळ्यांना बरोबर कळलंय. मग आदल्या दिवशी कुणी येऊन सांगितलं का नाही?"

"गप गं. चांगल्या मनानं पाठवतात माणसं."

"मन चांगलंच असेल. पण शब्द दुकानातले आहेत."

एक कार्ड मात्र वेगळं निघालं. कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा देणाऱ्या बाईचं. अक्षर असं, की ओळ डावीकडे सुरू व्हायची आणि उजवीकडे जिना उतरून जायची. तिने लिहिलं होतं, "तुमचे मिस्टर चहात साखर घालून ढवळत नसत. चहा संपला की तळाची साखर बोटाने चाटत. मी एकदा हसले तर म्हणाले, गोड शेवटाला पाहिजे. आता त्यांचा कप धुवायला येत नाही, तरी प्रत्येक कपाचा तळ मी बघते." वहिनी ते वाचून आधी खो खो हसली आणि मग मशीनवर डोकं टेकवून इतकी रडली, की सासूबाई पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी कार्ड वाचलं. "लहानपणी पण असाच करायचा मेला," एवढंच म्हणाल्या आणि तशाच पीठ लागल्या हातांनी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

ते कार्ड डब्यात गेलं नाही. मशीनच्या खणात, कात्रीजवळ राहिलं.

मग कारखान्यात शोकसभा झाली. फाटकाच्या आत मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. मॅनेजरसाहेब कागद बघून बोलले. त्यांनी तीन नावं वाचली. तिघांच्या घरच्यांना पुढे बोलावून फुलं दिली. वहिनी फुलं घेऊन परत खुर्चीकडे येत होती तेव्हा तिची नजर फाटकाबाहेर गेली. तिथे एक बाई उभी होती. केस घट्ट बांधलेले, हातात एक कापडी पिशवी. आत यायचं की नाही ते ठरवता न आलेल्या माणसासारखी ती एक पाऊल पुढे टाकायची आणि मागे घ्यायची. उशिरा येणारे लोक तिच्या बाजूने जाताना, रस्त्यात चिखल असावा तसे वळसा घालून जात होते.

"कोण गं ती?" वहिनीने शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला विचारलं. तीही त्याच अपघातात विधवा झालेली. अंगाने भरलेली, रडून रडून डोळे बारीक झालेले.

"त्याची बायको."

"कुणाची?"

"आपली घरं बुडवणाऱ्याची," ती बाई म्हणाली, आणि फाटकाकडे पाठ करून बसली.

पहारेकऱ्याने बाहेर जाऊन त्या बाईला काहीतरी सांगितलं. तिने मान हलवली आणि ती गेली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू." सगळे उभे राहिले. वहिनीही राहिली, पण तिचं मन शांत राहिलं नाही.

घरी आल्यावर ती जेवताना म्हणाली, "ड्रायव्हरच्या घरी कुणी गेलं होतं का हो?"

दिराचा घास हातातच राहिला. तोही त्याच कारखान्यात होता, माल बांधायच्या विभागात. त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती, म्हणून वाचला. तेव्हापासून तो सगळ्यांवर चिडून असायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

"कशाला जायचं?" तो म्हणाला.

"माणूस गेलाय म्हणून."

"माणूस! झोप लागली त्याला स्टिअरिंगवर. सगळे तेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? तुम्हीच गेलं वर्षभर म्हणत होतात, बसचे टायर टकलासारखे गुळगुळीत झालेत म्हणून. तुमच्या दादाला सांगायचात, मागच्या सीटवर बसू नकोस."

"टायर असतील नाहीतर झोप असेल. चौकशी चालू आहे. बघतील ते."

"बघू देत की. मी कुठे निकाल देतेय? पण सांत्वन करायला निकालाची वाट बघायची असते का, भाऊजी?"

"वहिनी, हा विषय या घरात नको." तो ताट तसंच ठेवून उठला. सासूबाईंनी मुलाच्या ताटावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी कागद-पेनांच्या दुकानात गेली. दुकानदार नाकावर चष्मा आणि कानावर पेन्सिल असा कायमचा सजलेला असायचा. त्याने सांत्वनाच्या कार्डांचा खोका पुढे सरकवला. पांढरी फुलं, विझलेली ज्योत, मावळता सूर्य. आत सगळीकडे देवाची तीच इच्छा.

"कोरं नाही का?"

"कोरं? कोऱ्यात काय मजा? म्हणजे, मजा नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला." त्याने खालून एक साधं, जाड कागदाचं कार्ड काढलं. "कुणाकडे पाठवायचंय?"

"ड्रायव्हरच्या बायकोला."

दुकानदाराने कार्डावर हात ठेवला. "त्या ड्रायव्हरच्या?"

"दुसरा कुठला?"

त्याने दुकानात दुसरं कुणी नाही ना ते बघितलं. "हे बघा वहिनी, तुमचं दुःख मोठं, तुम्हाला कोण अडवणार. फक्त माझ्या दुकानातून घेतलं म्हणून सांगू नका. गिऱ्हाईक आहे, लोक बोलतात."

वहिनीने कार्ड उलटून त्याच्यापुढे धरलं. मागे कोपऱ्यात त्याच्याच दुकानाचा शिक्का होता, पत्त्यासकट.

"पुसता येतो का बघा," ती म्हणाली, आणि पैसे ठेवून निघाली.

कार्ड आणणं सोपं होतं. लिहिणं सोपं नव्हतं. दुपारभर मशीनवर कापड तसंच पडून राहिलं. जुन्या पाठकोऱ्या कागदांवर ती लिहायची आणि खोडायची. "तुमचं दुःख मी समजू शकते." खोडलं. काय समजू शकते? आपल्या दारात लोकांची रांग लागली, तिच्या दारात कुत्रंही फिरकलं नाही, हे दुःख एक कसं? "धीर धरा." खोडलं. तिला स्वतःला कुणी धीर धरा म्हटलं, की त्या माणसाला काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं. "तुमच्या यजमानांची काही चूक नव्हती." यावर तिचं पेन बराच वेळ थांबलं. लिहायला किती छान वाक्य. पण तिला माहीत होतं का? नव्हतं. खोडलं.

मग तिला कँटीनवालीचं कार्ड आठवलं. त्या बाईने दुःख-बिःख काही म्हटलंच नव्हतं. तिने फक्त माणूस आणून समोर बसवला होता. मग ड्रायव्हर म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं?

आठवायला कष्ट पडले नाहीत. रोज सकाळी मशीनमागच्या खिडकीतून दिसायचं तेच. बस कोपऱ्यावर उभी. सावकाश घरात बुटाच्या नाडीशी झटापट करतोय. बसमधले लोक आरडाओरडा करतायत, "सोडा हो त्याला, येईल चालत!" आणि ड्रायव्हर काय करायचा, तर खिशातून फडकं काढून खाली उतरायचा आणि बाहेरचा आरसा पुसायला लागायचा. एकदम मन लावून. जणू आरशावर काहीतरी फार मोठा डाग पडलाय आणि तो घालवल्याशिवाय बस हलवणं धोक्याचं आहे. सावकाश धापा टाकत पायरीवर चढला, की याचा आरसा स्वच्छ.

त्या दिवशीही तो असाच थांबला होता. वहिनीने पाहिलं होतं.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. पण सासूबाईंना ती ठाऊक असणार, कारण त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, कागदावरची पहिली ओळ वाचली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी थांबला नसता, तर माझा मुलगा घरी राहिला असता."

"हो."

"तरी लिहितेस?"

"हो."

"माफ केलंस त्याला?"

वहिनीने पेन खाली ठेवलं. "नाही हो, आई. माफ बिफ मला जमत नाही. रात्री कधीकधी इतका राग येतो त्याचा, की वाटतं, मेला आरसा फोडून का नाही टाकला मी. पण तो वर्षानुवर्षं तुमच्या मुलासाठी थांबला. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. ते पण खरंच आहे ना? आणि त्याच्या बायकोने तर काहीच केलेलं नाही. ती फाटकाबाहेर उभी होती, आई. तिला फाटकाबाहेरून हाकललं."

"माझं नाव नको घालूस त्यात."

"नाही घालत."

"माझ्या मुलाचं घालतेस ते?"

"तो माझा नवरा होता. त्याच्यावर माझाही थोडा हक्क आहे."

सासूबाई आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात आपटली. पण त्या परत अडवायला आल्या नाहीत. वहिनीने कार्ड उघडलं आणि सरळ लिहून टाकलं.

"ताई,

मी सावकाशची बायको. तुमचे यजमान रोज सकाळी आमच्या कोपऱ्यावर बस थांबवायचे. माझा नवरा कायम उशिरा. बसमधले लोक ओरडायचे. मग तुमचे यजमान खाली उतरून आरसा पुसायचे, म्हणजे बस आरशासाठी थांबलीय, माझ्या नवऱ्यासाठी नाही, असं वाटावं. आरसा स्वच्छच असायचा. मी खिडकीतून बघायचे आणि हसायचे. त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

त्या दिवशीही ते थांबले होते. मला त्याचा राग येतो. आणि एवढ्या घाईच्या जगात माझ्या माणसासाठी कुणीतरी रोज थांबायचं, हे मी विसरूही शकत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून दोन्ही लिहिलं.

काय चुकलं आणि कुणाचं, मला माहीत नाही. तुमचा माणूस गेला, एवढं माहीत आहे. तुम्हाला कुणी त्याबद्दल शब्दानेही विचारलं नाही, हेही माहीत आहे. मी विचारते. मला फार वाईट वाटतं.

उत्तर द्यायची गरज नाही. कधी त्यांच्याबद्दल बोलावंसं वाटलं तर या. दुपारी मी मशीनवरच असते."

टपालात टाकावं असं तिच्या मनात होतं, म्हणून दोन दिवस कार्ड तसंच पडून राहिलं. मग वाटलं, टपालवाल्याच्या आड लपायचं कशाला? तिने साडीच्या निऱ्या नीट केल्या, चपला घातल्या, कार्ड पिशवीत ठेवलं आणि भर दुपारी, सगळी दुकानं उघडी असताना, मुख्य रस्त्यानेच निघाली. लोक विचारायचे, "कुठे वहिनी?" ती सांगायची, "ड्रायव्हरच्या घरी." विचारणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच.

घर बस डेपोच्या मागच्या ओळीत होतं. शोधावं लागलं नाही. भिंतीवर डांबराने "खुनि" असं लिहिलं होतं, आणि वेलांटी चुकली होती. खिडक्या बंद. पडदे ओढलेले. वहिनीने कडी वाजवली.

दार बोटभर उघडलं. साखळी तशीच. आतून आवाज आला, "शिव्या द्यायच्या असतील तर बाहेरूनच द्या. आणि जरा हळू द्या. सासरे आजारी आहेत, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"शिव्या द्यायला नाही आले."

"मग कशाला?"

"कार्ड द्यायला."

"कार्डं पण आली आहेत," ती बाई म्हणाली. "दोन. ती शिव्यांपेक्षा वाईट होती."

वहिनीने फटीतून कार्ड आत सरकवलं. "हे वाचा. मी इथेच उभी आहे. वाईट निघालं तर माझ्या तोंडावर फेका. नेम धरायला सोपी आहे मी, काही बारीक नाही."

कार्ड आत गेलं. दार बंद झालं. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बाहेर येऊन उभी राहिली. तिच्या बादलीत एकही कपडा नव्हता. वहिनीने तिच्याकडे रोखून बघितलं. तीही बघत राहिली. आतून काहीच आवाज येईना. वहिनीच्या मनात आलं, आपण कुणाच्या जखमेत बोट घातलं की काय? राग येतो असं लिहायला नको होतं. पण लिहिलं ते लिहिलं. आता पळून जाणं शोभलं नसतं.

आणि मग आतून हसू ऐकू आलं. आधी दबकं, मग न आवरणारं. साखळी खळकन निघाली. दारात ती बाई उभी होती, एका हातात कार्ड, दुसऱ्या हाताने डोळे पुसत.

"आरसा पुसायचा?" ती म्हणाली. "तो माणूस? अहो, घरातला एक आरसा कधी पुसला नाही त्याने! मी ओरडून ओरडून थकले. म्हणायचा, मला जमत नाही, डाग राहतात!"

"रोज पुसायचे. चांगलं चकचकीत."

"फडकं कुठलं असायचं?"

"निळं. चौकडीचं."

"माझा परकर होता तो! मी सगळीकडे शोधला!" आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम मोडला. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. वहिनी तिच्याजवळ पायरीवर बसली. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघोत.

मग ती ड्रायव्हरची बायको म्हणाली, "कुणी त्याचं नाव घेत नाही हो. सासरे पण घेत नाहीत. मी सुद्धा बंद केलं होतं. जणू तो कधी नव्हताच, नुसता अपघातच होता. मी तुम्हाला तिघींना लिहायला बसले होते. पण कुठल्या तोंडाने लिहू? माझं वाक्यच सुरू होईना."

"माझंही होत नव्हतं," वहिनी म्हणाली. "घरात रॉकेल आहे का?"

"रॉकेल? कशाला?"

"आणि घासण्या, असतील तेवढ्या. पाण्याने डांबर जायचं नाही."

त्या दोघींनी ती भिंत घासायला घेतली. भर दिवसा. वहिनीने निऱ्या खोचल्या आणि "खु"ला हात घातला, ड्रायव्हरच्या बायकोने "नि"ला. डांबर पूर्ण जाईना, भिंतीवर काळपट ढग उमटला, पण अक्षर वाचता येईना एवढं तर झालं. येणारे-जाणारे थबकायचे. एकजण म्हणाला, "वहिनी, तुम्ही? तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं," वहिनी म्हणाली. "हात दुखतायत असं वाटतं. घ्या, आणखी एक घासणी आहे."

तो निघून गेला. समोरची बाई मात्र बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी आपली ती रिकामी बादली पाण्याने भरून आणून पायरीशी ठेवून गेली.

ही बातमी वहिनीच्या आधी घरी पोचली. ती परतली तेव्हा पुढच्या खोलीत माणसं बसली होती. कामगार समितीचे सेक्रेटरी, शोकसभेत शेजारी बसलेली ती बाई, तिचे वडील. दीर भिंतीला टेकून उभा, मान खाली.

"या," सेक्रेटरी म्हणाले. "वहिनी, आम्ही भांडायला आलो नाही. पण असं एकटं-दुकटं जाणं बरं नाही. आपण सगळे एक आहोत असं दिसलं पाहिजे. चौकशीत उद्या म्हणतील, मेलेल्यांच्या घरच्यांचीच तक्रार नाही. तुम्ही एवढंच सांगायचं, की भावनेच्या भरात गेले, चूक झाली."

"चूक झाली नाही आणि भावनेच्या भरात गेले नाही," वहिनी म्हणाली. तिच्या हाताला रॉकेलचा वास येत होता. "चार दिवस विचार करून, चांगले कपडे घालून गेले होते. चौकशीत मला जे विचारतील ते मी खरं सांगेन. टायरचंही सांगेन, झोपेचं ऐकलंय तेही सांगेन. पण त्या बाईकडे गेले ते चुकलं, असं माझ्या तोंडून निघणार नाही. मॅनेजरांनी तीन नावं वाचली आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतली. चौथं नाव वाचलं असतं तर कारखान्यालाही विचारावं लागलं असतं, की गाडी कुणाची होती. आता सगळं खापर त्याच्या डोक्यावर. मेलेला माणूस बोलत नाही, आणि त्याच्या बायकोला तुम्ही बोलू देत नाही. सोय चांगली आहे."

ती दुसरी बाई ताडकन उठली. "माझा नवरा गेला तिच्या नवऱ्यामुळे! तू तिच्या गळ्यात गळा घालून बसलीस! लाज वाटत नाही?"

त्या बाईचे बारीक झालेले डोळे वहिनीला दिसले. "तुझ्यावर मी रागवत नाही," ती हळू म्हणाली. "तू जाऊ नकोस तिच्याकडे. तुला जमत नाही, तर नाही. पण मला जायला तू परवानगी द्यायची गरज नाही."

"सासू म्हणून तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी!" त्या बाईचे वडील आतल्या दाराकडे बघून म्हणाले. "तुमचाच मुलगा गेला ना?"

सासूबाई दारात आल्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नजर टाकली.

"माझा मुलगा गेला," त्या म्हणाल्या. "ही गेली तिथे, ते मला पसंत नाही. मी तिला सांगितलं, माझं नाव घालू नकोस. मला अजून राग आहे आणि तो मी मरेपर्यंत राहील." सेक्रेटरींनी मान डोलावली. "पण ती माझी सून आहे. तिच्याशी भांडायचं असेल तर मी भांडेन, माझ्या घरात, माझ्या वेळेला. तुम्ही बाहेरची माणसं माझ्या खुर्च्यांवर बसून तिला माफी मागायला लावणार? उठा. चहा नाही मिळायचा."

माणसं उठली. दीर त्यांना सोडायला दारापर्यंत गेला, मग बाहेर न जाता आत वळला, आणि वहिनीच्या हातातली, रॉकेलने ओली झालेली पिशवी घेऊन मोरीत ठेवून आला.

सगळं गोड झालं असं नाही. वहिनीची बरीच गिऱ्हाइकं तुटली, त्यातली निम्मी परत आली, कारण गावात दुसऱ्या शिवणाऱ्याचा टाका उसवायचा. ती दुसरी विधवा आजही समोरून आली तर रस्ता बदलते, आणि वहिनी तिला बदलू देते. चौकशीचं काय झालं ते नीट कुणालाच कळलं नाही. नवीन बस आली, नवे टायर लावून, आणि कारखान्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दीर मात्र एकदा समितीच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, की फाटकावर गेलेल्यांची पाटी लावायची असेल तर चार नावांची लावा, नाहीतर माझ्या भावाचं नाव काढून घ्या. बैठकीत गोंधळ झाला. पाटी अजून लागलेली नाही.

आणि एका दुपारी ड्रायव्हरची बायको वहिनीकडे आली. मशीनजवळच्या स्टुलावर बसली. नवऱ्याचा एक कोट घेऊन आली होती, सासऱ्यांच्या मापाचा करून हवा होता. बोलता बोलता तो माणूस घोरायचा कसा, भाजी घ्यायला पाठवलं की नेमकी नासकी कशी आणायचा, असं काहीबाही सांगत सुटली. वहिनी टाचण्या तोंडात धरून ऐकत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सासूबाई त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत. ओळख करून घेतली नाही, ख्यालीखुशाली विचारली नाही.

फक्त थोड्या वेळाने दाराआडून त्यांचा आवाज आला, चिडका, नेहमीसारखा.

"अगं, तिला नुसतं बोलत काय बसवलंस? घसा कोरडा पडला असेल तिचा."